झिंकचा प्रोब अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये चमकतो, गोदावरीच्या पाण्यात का नाही?

तुमचा शिफ बेस प्रोब (धातू बसला की चमकणारा रेणू) अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये झिंक घातलं की हिरवा चमकतो, गोदावरीवरच्या रामकुंडाच्या पाण्यात मात्र काहीच नाही. पाणी खराब की प्रोब, आणि सॉल्व्हंट कोणता घ्यावा, असं विचारलंत. दोष दोघांचाही नाही. सॉल्व्हंट फक्त विरघळवण्यापुरता असतो हा समज चुकीचा आहे, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टांत तो अजून शिकवला जातो याचा मला संताप आहे.

अ‍ॅसिटोनायट्राइल झिंकला सैल धरतं. गुटमनचा डोनर नंबर (सॉल्व्हंट धातूला किती घट्ट धरतो याचं माप) त्याचा १४.१, पाण्याचा १८, डीएमएसओ या सॉल्व्हंटचा २९.८. पाण्यात झिंकला सहा रेणू वेढून असतात. ते हटवल्याशिवाय तुमच्या इमिनचा (शिफ बेसमधल्या कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचा) नायट्रोजन आत शिरत नाही. शिवाय इमिन पाण्यात हळूहळू तुटते.

प्रोबचा १ मिलिमोलर स्टॉक (मूळ दाट द्रावण) डीएमएसओमध्ये ताजा करा. ३ मिली बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) त्याचे ३० मायक्रोलिटर घातले की प्रोब सुमारे १० मायक्रोमोलर आणि डीएमएसओ १ टक्का होतो. बफर हेपीसचा, १० मिलिमोलर, पीएच ७.२. फॉस्फेट नको, त्यात झिंक खाली बसतं. द्रावण गढूळ झालं तर मिथेनॉल आणि बफर निम्मे-निम्मे घ्या आणि रिपोर्टच्या शीर्षकातच तसं लिहा.

आता ज्यावरून माझे अनेकांशी वाद झाले ते. बफर न घालता ‘अ‍ॅल्युमिनियमचा सेन्सर’ म्हणून मिरवणारे किती तरी प्रोब प्रत्यक्षात आम्ल मोजत असतात. पाण्यातल्या अ‍ॅल्युमिनियम आयनाचा पीकेए (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) ५ च्या आसपास, फेरिकचा साधारण २.२. म्हणजे क्षार घातला की पीएच घसरतो, प्रोबच्या अमाइनला (नायट्रोजनच्या गटाला) प्रोटॉन चिकटतो, चमक दाबणारा इलेक्ट्रॉन ट्रान्सफर थांबतो आणि प्रोब उजळतो. धातू जवळ आलेलाही नसतो. रोडामीन रंगाच्या स्पायरोलॅक्टमचं (बंद कड्याच्या, बिनरंगी रूपाचं) तेच: नुसत्या आम्लानेही कडं उघडतं आणि गुलाबी रंग येतो. म्हणून धातू न घालता हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बघा. मग चमकलेल्या द्रावणात ईडीटीए (धातूला घट्ट पकडून काढून घेणारं रसायन) घाला, पण आधी त्याचा पीएच ७.२ वर आणा. डायसोडियम ईडीटीए मुळात आम्लधर्मी असतं. चमक ओसरली तर ती धातूची. या दोन चाचण्या नसलेला आलेख मी मानत नाही, गाइड कोणीही असो.

नदीच्या नमुन्यात आणखी अडचणी आहेत. ह्यूमिक द्रव्यं (कुजलेल्या पालापाचोळ्यातली) ३५० नॅनोमीटरच्या प्रकाशात स्वतःच निळसर चमकतात, तेव्हा प्रोबशिवायचा ब्लँक घ्याच. निफाडकडच्या द्राक्षबागांच्या विहिरीचं पाणी आणलंत तर तांब्याची शंका धरा: बागांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद (कॉपर सल्फेट) असतो, आणि तांबं बहुतेक प्रोबमध्ये झिंकपेक्षा घट्ट बसून चमक विझवतं. नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. साठवताना नायट्रिक आम्ल घातलं असेल, तर मोजण्याआधी पीएच परत आणा.

झिंक लिटरला ६५ मायक्रोग्रॅम असेल तरच ते १ मायक्रोमोलर भरतं, त्यामुळे पाण्यात झिंक फारच थोडं असणंही शक्य आहे. त्याच पाण्यात २, ४, ६ मायक्रोमोलर झिंक मुद्दाम घालून बघा. तरीही चमक वाढली नाही तर प्रोब बदला. अ‍ॅसिटोनायट्राइलमधली मोजणी वाया जात नाही, प्रोब आणि झिंकची जोडणी एकास एक की दोनास एक हे तिथे छान कळतं. मात्र झिंक परक्लोरेट वाळवायच्या भानगडीत पडू नका, ते स्फोटक ठरू शकतं.