वाचक विचारतात: चांगलं कॉमिक्सचं दुकान म्हणजे काय?

प्रश्न: ताई, गेली पंधरा वर्षं कॉमिक्स जमवतोय, आता नोकरी सोडून स्वतःचं दुकान टाकायचं डोक्यात आहे. मित्र म्हणतात जे निघेल ते सगळं भरून ठेव, गिऱ्हाईक आपोआप येईल. चांगलं दुकान म्हणजे भरपूर माल, हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही हो, अजिबात नाही, आणि हे मी तळमळीने सांगतेय कारण अशाच एका दुकानाच्या काउंटरमागे मी सहा वर्षं काढलीयत आणि न खपलेल्या मालापायी ते दुकान बंद पडताना बघितलंय.

आधी या धंद्याची गंमत समजून घ्या. पूर्वी अमेरिकेत कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवर मिळायची, न खपलेल्या अंकांची मुखपृष्ठं फाडून परत पाठवली की दुकानदाराचे पैसे सुटायचे. 1970च्या दशकात फिल स्यूलिंग नावाच्या माणसाने प्रकाशकांशी वेगळी बोली केली, की आम्हाला सूट जास्त द्या पण उरलेला माल परत घेऊ नका. फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं वाढली ती याच बोलीवर, आणि सुटे अंक आजही बरेचसे तसेच येतात, म्हणजे जे मागवलं ते तुमच्या गळ्यात. त्यात ऑर्डरचा पक्का आकडा अंक यायच्या साधारण तीन आठवडे आधी द्यायचा, तेव्हा तो अंक कोणी वाचलेलाच नसतो, नुसतं मुखपृष्ठ आणि लेखक-चित्रकारांची नावं बघून ठरवायचं की बारा मागवू का चाळीस.

आता हा आकडा आणायचा कुठून? गिऱ्हाइकाच्या ओळखीतून. पुल लिस्ट तुम्हाला माहीतच असेल, वाचकाने सांगून ठेवायचं की या या मालिका मला हव्यात आणि दुकानाने दर अंक आला की त्याच्या नावाने बाजूला काढायचा. लोकांना वाटतं ही गिऱ्हाइकाची सोय आहे, पण खरं तर ती दुकानाची जीवनरेषा आहे, कारण वीस जणांच्या लिस्टवर एक मालिका असेल तर वीस प्रती जवळपास विकल्यात जमा, आणि तुमचा अंदाज लागतो तो फक्त वरच्या चार-पाच प्रतींचा. म्हणून माझ्या मते उत्तम दुकानदार तो, ज्याला कोणी नवीन मालिकेचं नाव घेतलं की लगेच तीन चेहरे आठवतात. शिवाय लिस्टवाला दोन महिने फिरकला नाही तर त्याला प्रेमाने फोन करायचा, त्याच्या नावाचा डबा नुसता भरत ठेवायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

भरपूर मालाचं काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण 1991चं. एक्स-मेनच्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांत आला आणि दुकानांनी मिळून 80 लाखांच्या आसपास प्रती उचलल्या, पुढे भाव येईल म्हणून लोकांनी एकेकाने पाच-पाच घेतल्या, पण वाचणारे तेवढे होते कुठे? काही वर्षांत तो फुगा फुटला आणि असंख्य दुकानांना कुलूप लागलं. तो अंक आजही पैशाला पासरी मिळतो.

पैसे घालायचेच तर मालिकांच्या पहिल्या खंडांत घाला, खंड म्हणजे बरेच अंक एकत्र बांधलेलं पुस्तक. सातवा खंड आहे आणि पहिला नाही, म्हणजे ते शेल्फ नव्या वाचकासाठी बंदच. पहिला खंड संपला त्याच दिवशी पुन्हा मागवायचा, आणि मुखपृष्ठ समोर दिसेल असा ठेवायचा, कारण कॉमिक्स माणूस चित्र बघून उचलतो, कणा वाचून क्वचितच.

प्रश्न: माझी लेक अकरा वर्षांची आहे, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स वाचते. एका दुकानात गेलो तर काउंटरवर दोघंतिघं गप्पा मारत होते, आमच्याकडे कोणी बघितलंही नाही, ती बिचारी हळूच म्हणाली आई चल जाऊया. चांगलं दुकान ओळखायचं कसं?

उत्तर: वाचून फार वाईट वाटलं, कारण तुमची लेक पुढची वीस वर्षं त्या दुकानात आली असती. पहिलं बघायचं ते हेच, की अनोळखी माणूस आत आला की गप्पा थांबतात का. दुसरं, तिच्यासमोर विचारा की हिने काय वाचावं. चांगला दुकानदार उलट तिलाच विचारेल, तुला काय आवडतं, शेवटचं काय वाचलंस, आणि मग एकदोनच पुस्तकं हातात देईल, सतरा नाही. तिने मांगा उजवीकडून डावीकडे उघडली की त्याला आनंद व्हायला हवा! मुलांची पुस्तकं मुलांच्या हाताच्या उंचीवर आहेत का आणि मोठ्यांसाठीची वेगळी ठेवलीत का, तेही बघून घ्या. आयस्नर या कॉमिक्सच्या मानाच्या अमेरिकन पुरस्कारांमध्ये 1993पासून दुकानांसाठी वेगळा पुरस्कार देतात, तिथे नुसती विक्री मोजत नाहीत, दुकानात किती तऱ्हेचं साहित्य आहे, दुकानदाराला त्यातलं किती कळतं, आजूबाजूच्या लोकांसाठी तो काय करतो, असलं सगळं बघतात.

आणि मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी फ्री कॉमिक बुक डे पाळणारं दुकान सापडलं तर लेकीला जरूर न्या, 2002मध्ये ही प्रथा एका दुकानदाराच्याच कल्पनेतून सुरू झाली, त्या दिवशी खास छापलेले अंक फुकट देतात.

प्रश्न: जुने अंक दुकानातून घेताना फसवणूक कशी टाळायची?

उत्तर: अंक पिशवीतून काढून दाखवायला जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका, एवढं पुरे. काढून दाखवला की पानं मोजा, स्टेपलला गंज आहे का बघा, पत्रांचं पान तर नीट बघाच, कारण 1974च्या सुमारास मार्व्हलच्या अंकांत तिथे छोटे स्टॅम्प छापलेले असायचे आणि पोरांनी ते कात्रीने कापून जमवलेत, बाहेरून अंक कोरा करकरीत दिसतो आणि आत भोक. चांगला दुकानदार हे तुमच्या आधी स्वतःच बघून पिशवीवर चिठ्ठी लावून ठेवतो. घरी आणल्यावर आम्लविरहित पुठ्ठा लावून उभा ठेवा, उन्हापासून लांब.