'मूळ' की 'अविभाज्य'?

४,२९,४९,६७,२९७ ही 'मूळ संख्या' आहे का, असा प्रश्न तुमच्या वाचनात आला. इथलं 'मूळ' म्हणजे 'अविभाज्य'च का, आणि त्यांतला कोणता शब्द वापरावा, असं तुम्ही विचारलं आहे.

अर्थ एकच. १ आणि ती स्वतः, असे नेमके दोनच विभाजक असलेली संख्या. दोन्ही शब्द रूढ आहेत, पण माझं मत 'मूळ'ला.

'अविभाज्य' शब्द अर्धंच सांगतो. ७ला ७ने भाग जातोच की! शिवाय या संख्यांना काय होत नाही, एवढंच त्यातून कळतं. त्या काय करतात ते 'मूळ' सांगतो. ३६० कसेही फोडा, ६×६० घ्या नाहीतर १८×२०. फोडत फोडत शेवटी २×२×२×३×३×५ यावरच याल. बाकीच्या संख्या ज्यांतून उगवतात, त्या मूळ.

आता तुमची संख्या. २चा बत्तिसावा घात अधिक १. ३२ऐवजी १, २, ४, ८, १६ हे घात घेतले, की याच घडणीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. त्या मूळ आहेत, म्हणून हीसुद्धा तशीच असणार असं सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं होतं. १७३२मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञानं तिचे अवयव काढले: ६४१ × ६७,००,४१७. म्हणजे ती संयुक्त, आणि हे दोन अवयव मात्र मूळ.

तरीही तिच्या आधीच्या त्या पाचांपैकी प्रत्येकीशी ती 'सहमूळ' आहे. हा शब्द मला फार आवडतो. दोन संख्यांना १खेरीज सामाईक विभाजक नसला, की त्या सहमूळ. स्वतः मूळ असायलाच हवं असं नाही. ८ आणि ९ दोन्ही संयुक्त, पण परस्परांशी सहमूळ. इथे 'सहअविभाज्य' म्हणून बघा, जीभ अडखळते.

'मूळ'ची खरी अडचण एकाच ठिकाणी येते. 'दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ने मोठी आहे.' उत्तर ३६, आणि ३६ तर संयुक्त! इथलं 'मूळ' म्हणजे आधीची. नुकत्याच मूळ संख्या शिकलेल्या मुलानं इथे १३, १७, १९ तपासायला घेतल्या, तर चूक त्याची नाही. अशा उदाहरणात मी 'दिलेली संख्या' किंवा 'आधीची संख्या' असंच लिहिते.