परभृत म्हणजे कावळा की कोकीळ?

प्रश्न असा आहे की एका कोशात परभृतचा अर्थ कावळा दिलाय, दुसऱ्यात कोकीळ, मग खरं कुठलं धरायचं? दोन्ही खरंय, कारण मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत आणि सगळा फरक शेवटच्या 'त'चा पाय मोडलाय की नाही एवढ्यातच आहे. परभृत् (पाय मोडलेला) म्हणजे दुसऱ्याला पोसणारा, तो कावळा, आणि परभृत म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, तो कोकीळ. अमरकोशात (जुना संस्कृत शब्दकोश) दोन्ही नावं आपापल्या पक्ष्याखाली व्यवस्थित दिलीयत. मराठीत आपण दोन्ही सारखंच उच्चारतो, टाइप करताना पाय कोण मोडत बसतंय, म्हणून हा गोंधळ.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे की ही नुसती कविकल्पना नाही, कोणीतरी नीट बघून ठेवलेली नावं आहेत. कोकिळा स्वतःचं घरटं बांधतच नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते (आणि कुहू कुहू करणारा तो काळा कुळकुळीत नर, मादी तपकिरी, ठिपकेवाली). कावळ्याची अंडी निळसर हिरवी, वर तपकिरी शिंतोडे, कोकिळेचं अंडं दिसायला साधारण तसंच पण लहान. त्यातनं 12 ते 14 दिवसांत पिल्लू बाहेर, कावळ्याच्या अंड्याला 16-17 दिवस लागतात, म्हणजे घरच्यांच्या आधीच पाहुणा चोच वासून तयार! युरोपातल्या कुकूचं पिल्लू यजमानाची अंडी सरळ बाहेर ढकलतं, हे सहसा तसं करत नाही, कधीकधी कावळ्याची पिल्लं आणि हे एकाच घरट्यात वाढतात. आणि उडायला लागलं तरी लाड संपत नाहीत, फांदीवर पंख थरथरवत, तोंड उघडून ते ओरडत असतं आणि कावळा येऊन घास कोंबतो. तोच कावळा मोठा कोकीळ जवळ दिसला की त्याच्या मागे लागतो, म्हणून त्याला मूर्ख म्हणणं मला पटत नाही.

कावळ्याचं अमरकोशातलंच अजून एक नाव आत्मघोष, म्हणजे स्वतःचंच नाव पुकारणारा, काका करत. हेही कान देऊन ऐकणाऱ्याचंच काम.

वापराचं म्हणाल तर आजच्या मराठीत परभृत कोकिळासाठीच ठेवावा, आणि कावळ्यासाठी वापरायचाच असेल तर पाय मोडून लिहा आणि शेजारी कंसात कावळा असंही लिहा.