आधी पॅकेज, मग सोर्स

एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्राम) तयार पॅकेजमधून घ्यायचा की सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, स्वतः बांधायचा? तुम्ही डेबियन लिनक्सवर नवीन आहात, म्हणून स्पष्टच सांगतो: आधी ‘एपीटी’नेच, म्हणजे डेबियनच्या पॅकेज टाकायच्या कमांडनेच टाका. ‘स्वतः कंपाइल केलं (कोडवरून प्रोग्राम बांधला) की वेगवान चालतं’ यावर फार विसंबू नका. बहुतेक कामांत फरक जाणवतही नाही. उलट पॅकेज घेतलं की सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या अपडेटबरोबर आपोआप येतात. सोर्सवरून बांधलं, की ती जबाबदारी कायमची तुमची.

आवृत्ती जुनी वाटते? मग आधी बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे स्थिर डेबियनसाठी नव्या आवृत्त्या ठेवलेल्या भांडारात बघा.

सोर्सकडे वळायला ठोस कारण हवं. उदाहरणार्थ, फ्राउनहोफर या जर्मन संस्थेचा एएसी एन्कोडर (आवाज एएसी प्रकारात साठवणारा भाग). त्याचा परवाना जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याशी जुळत नाही, म्हणून डेबियनच्या एफएफएमपेगमध्ये तो नसतो. तो हवाच असेल तर कॉन्फिगर करताना ‘नॉनफ्री’चा पर्याय द्यावा लागतो, आणि असा बांधलेला प्रोग्राम इतरांना वाटता येत नाही.

बांधायचंच ठरलं तर ‘एपीटी बिल्ड-डेप’ने लागणाऱ्या लायब्रऱ्या एकदम आणा. प्रीफिक्स, म्हणजे प्रोग्राम कुठे बसवायचा ती जागा, म्हणून होममधलं एक वेगळं फोल्डर द्या. नको झालं की तेवढंच वेगळं फोल्डर उडवायचं, विषय संपला. प्रीफिक्स न देता नुसतं ‘सुडो मेक इन्स्टॉल’ (बसवायची कमांड) केलंत तर सगळं ‘यूएसआर-लोकल’ या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जातं, आणि पाथमध्ये, म्हणजे टर्मिनल प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, त्याचा नंबर आधी लागतो. पुढे पॅकेज अपडेट झालं तरी टर्मिनलमध्ये तुमची जुनीच प्रत चालत राहते, आणि हे पटकन लक्षातही येत नाही. शंका आली की ‘व्हिच’ कमांड चालवून कुठली प्रत चालतेय ते बघा.