दिल्लीतला पहिला हिवाळा

यूपीएससीसाठी मुखर्जीनगरला आलास, तर एक आधीच सांगतो: इथली थंडी पुण्यासारखी नाही. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत पहाटे पारा 4-5 अंशांवर येतो, आणि धुकं दाटलं की दुपारीही ऊन दिसत नाही. खोलीची खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडत असेल, तर बाहेरपेक्षा आतच जास्त गारठा.

महागड्या जॅकेटआधी दोन जोड थर्मल घे. त्यावर शर्ट, मग स्वेटर; थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते. अभ्यासाला बसल्यावर आधी पाय गारठतात, म्हणून टेबलाखाली सतरंजी टाक आणि झोपताना कोरडे मोजे घाल. रजई कापसाचीच घे, ऊन पडेल तेव्हा गच्चीवर टाक.

बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच पेटवू नकोस. रूममेट कितीही म्हणाला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. पाणी तापवायचा रॉड असेल तर प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट घालू नकोस.

तहान लागत नाही, तरी पाणी पीत राहा. एक्यूआय (हवा किती प्रदूषित आहे ते सांगणारा आकडा) 300च्या वर असेल त्या दिवशी पळायला न जाता खोलीतच सूर्यनमस्कार घाल.

आणि एकटा कोंडून राहू नकोस रे. ऊन आलं की पुस्तक घेऊन गच्चीवर बस, घरी फोन कर. 13 जानेवारीला लोहडीची शेकोटी गल्लोगल्ली पेटते. तिथे जा, रेवड्या-शेंगदाणे खा, शेजाऱ्यांशी ओळख कर.