मडगार्डची भोकं नसलेली रोड बाइक हिवाळ्यासाठी कशी तयार करावी?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून एवढं कळलं: रिम ब्रेकची (चाकाच्या धातूच्या कडेवर पॅड दाबणाऱ्या ब्रेकची) रोड बाइक, 25 मिमीचे टायर, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहाती भाग), फ्रेमला मडगार्डसाठी भोकं नाहीत. हिवाळाभर रस्ते ओले असतात आणि बर्फ धरू नये म्हणून त्यावर मीठ टाकतात. अशा बाइकला मडगार्ड बसतील का, कोणते घ्यावेत आणि आणखी काय बदलावं, असं तुम्ही विचारलंय.

मडगार्ड मागवण्याआधी अ‍ॅलन कीचा संच घेऊन बाइकपाशी बसा. टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरा आणि टायरचा माथा व ब्रेक कॅलिपरची (रिमला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याची) खालची बाजू यांच्यामधून एकेक की सरकवून बघा, पुढेही आणि मागेही. 8 मिमीची की कुठेही न घासता आरपार गेली तर पूर्ण मडगार्ड कॅलिपरखालून नेता येईल. 6 ची जेमतेम जात असेल तर मडगार्ड बसेलही, पण टायरला चिकटलेला प्रत्येक खडा आत करकरत फिरेल आणि तुम्ही वैतागून आठवड्यात तो काढून टाकाल. 4 चीच जात असेल तर हा नाद सोडा. मागच्या चाकाला आणखी एक जागा तपासायची, ती म्हणजे टायर आणि सीट ट्यूब (फ्रेमची सीटखालची उभी नळी) यांच्यामधली. रेसिंगसाठी बनवलेल्या फ्रेमला तिथे कधीकधी करंगळीही जात नाही.

‘लांब कॅलिपर लावा, जागा होईल’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. ऐकण्याआधी ब्रेकच्या मधल्या बोल्टपासून रिमवर पॅड टेकतो तिथपर्यंतचं अंतर मोजा. रोड बाइकवरचे नेहमीचे कॅलिपर 39 ते 49 मिमीचे असतात आणि लांब म्हणतात ते 47 ते 57 चे. तुमचं अंतर 47 च्या आत असेल तर लांब कॅलिपरचे पॅड रिमपर्यंत वर येणारच नाहीत. शेवटी जागा किती ते फ्रेम आणि फोर्क ठरवतात.

जागा नसेल तर तुमच्यासाठी दोन तुकड्यांतला मडगार्ड बरा. एसकेएसचा रेसब्लेड लाँग याच प्रकारचा आहे. मडगार्ड ब्रेकपाशी तुटलेला असतो, त्यामुळे कॅलिपरखालून काहीच न्यावं लागत नाही. त्याला धरून ठेवणाऱ्या सळ्या क्विक रिलीजखाली (चाक पटकन काढायच्या खटक्याखाली) बसवलेल्या छोट्या पट्टीला अडकतात, म्हणून फ्रेमला भोकं नसली तरी चालतं. ब्रेकपाशी थोडं पाणी उडतं, ते सहन करायचं. जागा असेल तर मात्र पूर्ण लांबीचाच घ्या आणि रुंदी टायरपेक्षा साधारण 10 मिमी जास्त ठेवा, म्हणजे 25 च्या टायरला 35 चा. भोकं नाहीत तिथे सळ्या रबराचं अस्तर असलेल्या क्लिपांनी धातूच्या नळीला बांधता येतात, पण कार्बनच्या फोर्कवर अशी क्लिप आवळू नका. रबर झिजलं की पत्रा थेट कार्बनला खातो. पुढे क्विक रिलीजवाली पट्टीच वापरा.

सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) अडकवायची ती आखूड पट्टी विसरून जा. ती फक्त पाठीवरची चिखलाची रेघ वाचवते आणि लोकांना वाटतं मडगार्डचं काम तेवढंच. खरं काम पुढच्या चाकाचं आहे. पुढच्या टायरवरून उडालेलं पाणी सरळ बुटांवर, चेनरिंगवर (पेडलपाशी असलेल्या दातेरी चकतीवर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलचा आस फिरतो त्या बेअरिंगवर) जातं. थंडीत पाय एकदा भिजले की पुढचा सगळा रस्ता जिवावर येतो, आणि त्या पाण्यातलं मीठ चेनचं काय करतं ते वेगळंच. म्हणून पुढच्या मडगार्डचं खालचं टोक जितकं खाली नेता येईल तितकं न्या आणि त्या टोकाला आणखी एक फ्लॅप जोडा. कंपनीचा फ्लॅप बहुतेक वेळा आखूडच असतो. जाड रबराचा किंवा प्लास्टिकचा तुकडा कापून दोन छोट्या बोल्टांनी लावला तरी भागतं. तो जमिनीपासून सहा-सात सेंटीमीटरवर आला की बुटांमधला फरक पहिल्याच ओल्या दिवशी कळेल. पुढच्या मडगार्डचं वरचं टोकही फोर्कच्या थोडं पुढे आलेलं असावं, नाहीतर टायर पाणी पुढे फेकतो आणि वारा तेच तोंडावर आणून टाकतो.

बसवताना घाई करू नका, एक अख्खी दुपार जाऊ द्या. सगळे बोल्ट आधी ढिले लावा, चाक फिरवा, मडगार्ड चाकाच्या गोलाईला समांतर येतोय का ते बाजूने बघा आणि मगच एकेक आवळत जा. मडगार्ड ताणून, पिळून भोकाशी जुळवलात तर तो आज बसेल, पण काही दिवसांनी ब्रेकजवळच्या पत्र्यापाशी तडकेल. सळ्यांची जास्तीची लांबी करवतीने कापा, टोकाला कानस मारा आणि टोपी घाला. उघडं टोक पोटरीला लागलं तर चांगलंच सोलतं. बोल्टांना थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) किंवा नायलॉनचे नट वापरा, कारण मडगार्डचा खुळखुळाट सुरू होतो तो नेहमी ढिल्या बोल्टामुळे. पहिल्या एक-दोन राइडनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

एका बाबतीत तडजोड नको. पुढच्या मडगार्डच्या सळ्या झटका बसला की आपोआप सुटतील अशाच क्लिपांत बसवा. एखादी काटकी चाक आणि सळ्यांच्या मध्ये गेली तर मडगार्ड दुमडून फोर्कखाली कोंबला जातो, चाक जागच्या जागी थांबतं आणि तुम्ही हँडलवरून पुढे पडता. चांगल्या मडगार्डांसोबत अशा क्लिपा येतात. त्या ‘सारख्या निघतात’ म्हणून कोणी टेपने पक्क्या करतं, ते तुम्ही करू नका. आणि हो, बाइकवर बसून पेडल पुढे आडवं ठेवा, हँडल वळवा आणि बुटाचं टोक मडगार्डला लागतंय का बघा. बऱ्याच लहान फ्रेमवर लागतं. वेगात हँडल इतकं वळत नाही, त्यामुळे तेव्हा अडचण येत नाही, पण चौकात हळू वळताना लक्षात ठेवावं लागतं.

टायरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ‘हिवाळ्यात 28 चेच टायर हवेत’ असं सगळे म्हणतात, पण 28 लावल्यावर मडगार्ड बसणार नसेल तर मी 25 च ठेवेन. फक्त ते जाड, पंक्चर सहसा न होणारे घेईन, कॉन्टिनेंटलच्या गेटरस्किनसारखे, आणि हवा नेहमीपेक्षा 5 ते 10 पीएसआय कमी ठेवेन. ओल्या रस्त्यावरची बारीक काच टायरला चिकटते आणि हळूहळू आत शिरते. राइड संपली की टायरवरून नजर फिरवून ती टोकदार सुईने काढून टाका.

तीच सुई ब्रेक पॅडलाही वापरा. पाण्याबरोबर आलेली वाळू पॅडमध्ये रुतते, रिमचं अ‍ॅल्युमिनियम खरवडते आणि पॅडवर चकाकणारे कण दिसू लागतात. ते काढले नाहीत तर एका हिवाळ्यात रिमची बाजू खोलगट होऊ शकते. ओल्या रिमवर ब्रेक दाबल्यावर सुरुवातीला पॅड नुसतं पाणी पुसतो, पकड नंतर येते. त्या हिशेबाने ब्रेक जरा आधी दाबत चला.

चेनला ओल्यासाठीचं दाट तेल घाला आणि वरचं जास्तीचं तेल फडक्याने पुसून काढा, नाहीतर त्यावर वाळूचा लेप बसतो. मिठाच्या रस्त्यावरून आलात की साध्या पाण्याने बाइक धुवा, पण प्रेशरचा फवारा हब आणि बॉटम ब्रॅकेटवर मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. सीटपोस्टही आताच एकदा बाहेर काढून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर ग्रीस, कार्बनचा असेल तर कार्बनची पेस्ट लावून परत बसवा. मागच्या चाकाचं पाणी फ्रेमच्या त्याच सांध्यात झिरपतं, आणि मिठाने अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट एकदा आत धरला की तो वसंतात हलता हलत नाही.