पंप रात्री आपोआप का वाजतो?

प्रश्न (परतवाड्याहून एक ताई): जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची आम्ही कॅम्पर गाडी करून घेतली. शंभर लिटरची टाकी, बारा व्होल्टचा पंप, ओट्यापाशी एक नळ, मागे संडास आणि शॉवर. गेल्या महिन्यात लोणारला मुक्काम होता. वाटेत एका बोअरवर टाकी भरली. रात्री सगळे नळ बंद, तरी दर दहा-बारा मिनिटांनी पंप टर्रर्र वाजायचा. सासूबाईंना झोप लागली नाही. गाडी बनवणारा म्हणतो, पंप बदला. बदलायचा का?

उत्तर: ताई, इतक्यात नका बदलू. माझं दर्यापुरात फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. पऱ्हाटीवर फवारायचा बॅटरीचा पंप उघडला की आत छोटी मोटर आणि रबरी पडदा दिसतो. तुमच्या गाडीतल्या पंपाचीही रचना तीच, म्हणून या गाड्या माझ्या दारात येऊ लागल्या.

या पंपाला प्रेशर स्विच असतो. नळ बंद केला की पाइपात दाब चढतो आणि स्विच मोटर थांबवतो. दाब उतरला की मोटर परत सुरू. म्हणजे नळ बंद असताना पंप वाजतोय, तर दाब कुठून तरी उतरतोय. पाणी पुढे कुठे गळतंय, नाहीतर पंपातूनच मागे टाकीत जातंय. हे दोन वेगळे करता आले की अर्धं काम झालं.

पंपातून बाहेर जाणाऱ्या पाइपावर, पंपाला अगदी लागून, एक बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. झोपताना तो बंद करा, पंपाचं बटण चालूच ठेवा. पंप रात्रभर गप्प राहिला तर पंप चांगला आहे, गळती पुढे आहे. तरीही वाजला, तर मधला जोड कोरडा आहे ना ते बोट फिरवून बघा. जोड कोरडा असेल तर पंपाच्या आतली झडप नीट बसत नाही. तिथेही पंप टाकायची घाई नको. झडपेखाली वाळूचा एक कण अडकला तरी हेच होतं. खोलून धुतली की पुष्कळदा भागतं.

गळती पुढे निघाली तर सर्वांत आधी संडासाचा व्हॉल्व्ह तपासा. भांडं फडक्याने कोरडं करा, आतल्या कडेला कोरड्या टिश्यू कागदाची पट्टी चिकटवा आणि अर्ध्या तासाने पाहा. ओली रेघ उमटली की चोर सापडला.

दोन वर्षांपूर्वी मूर्तिजापूरकडच्या एका कुटुंबाला मी पंप बदलून दिला होता. तिसऱ्या दिवशी मेळघाटातून त्यांचा फोन आला, पंप तसाच वाजतोय. दोष संडासाच्या वायसरमध्ये होता. त्यावर बाजरीच्या दाण्याएवढा पांढरा खडा बसला होता, आणि तेवढ्याने वायसर पूर्ण टेकत नव्हता. मी पंपाचे पैसे परत केले, पण त्या लोकांची सहल माझ्यामुळे बिघडली याचं आजही वाईट वाटतं. तेव्हापासून ही कागदाची पट्टी लावल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

तो खडा येतो आपल्या पाण्यातून. अकोला, अमरावती, बुलडाण्याचा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा तुम्हाला सांगायला नको. तिथल्या बोअरचं पाणी टाकीत भरलं की नळाच्या जाळीवर, वायसरवर थर धरतो. सुटे भाग व्हिनेगरमध्ये किंवा किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर भिजवा, थर सुटतो. वायसर घासू नका, चरे पडले की तो कायमचा गळतो.

प्रश्न (वर्ध्याहून एक वाचक): टाकी अर्धी भरलेली असूनही नळ फुर्रफुर्र करत थुंकतो. मध्येच हवा, मध्येच पाणी. गळती मात्र कुठेच दिसत नाही.

उत्तर: भाऊ, दिसणारच नाही. टाकी ते पंप या भागात पंप पाणी ओढत असतो, त्यामुळे तिथल्या फटीतून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. फरशी कोरडीच राहते. पंपाच्या अलीकडच्या गाळणीचं झाकण आधी पाहा. रबरी रिंग उन्हाने कडक होते, आणि आपल्याकडचा मे महिना बंद गाडीत काय करतो ते तुम्ही जाणता. मग पाइपाच्या क्लिपा आवळा. तरी शंका राहिली तर पंपाला वेगळा लहान पाइप जोडून थेट बादलीतून पाणी ओढा. धार एकसारखी आली तर दोष टाकी आणि पंपाच्या मधेच आहे.

धार नुसतीच बारीक होत गेली तर टाकीचं झाकण उघडा. हवा सूं करत आत गेली आणि धार सुधारली, तर टाकीची हवेची नळी बुजली आहे. एका गाडीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं मी स्वतः तारेने काढलं आहे. नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावा.

प्रश्न (चंद्रपूरहून): टाकीच्या पाण्याला कुबट वास येतो.

उत्तर: ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घ्या. शंभर लिटरला ताजी पंधरा ग्रॅम पुरे. बादलीत कालवून निवळू द्या, गाळ खाली बसला की फक्त वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि टाकी भरा. पिण्याच्या पाण्याचा फिल्टर आधी काढून ठेवा. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, चार तास थांबा, मग सगळं रिकामं करून वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. त्याच दिवशी व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व वापरू नका. टीसीएलमध्ये ते मिसळलं की विषारी वायू सुटतो, आणि गाडी म्हणजे बंद डबा. पारदर्शक पाइप असेल तर तोही बदला. उजेडाने आत शेवाळ धरतं आणि वास परत येतो.